नवऱ्यासाठी वचनातून प्रार्थना कशी करावी

नवऱ्यासाठी प्रार्थनेला बसलं की बहुतेकींचं दोन मिनिटांत संपतं. "त्यांना सांभाळ, नोकरी टिकू दे, बीपी ताब्यात राहू दे, आमेन." त्यापुढे बसून राहिलं तर मनात तक्रारी शिरतात आणि प्रार्थनेचं गाऱ्हाणं होतं. वचन, म्हणजे बायबलमधल्या ओव्या, समोर ठेवल्या की काय मागायचं ते आपल्या त्या दिवसाच्या रागालोभावर राहत नाही.

सुरुवात बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकापासून करू नका. तिथे सल्ले आहेत, आणि सल्ले हाती आले की नवऱ्याच्या चुकांची यादी आपोआप तयार होते. प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत मंडळ्यांसाठी (चर्चमधल्या लोकांसाठी) केलेल्या प्रार्थना आयत्या मिळतात, त्या घ्या: कलस्सैकरांस 1:9-11, फिलिप्पैकरांस 1:9-11, इफिसकरांस 1:17-19 आणि 3:16-19. चार उतारे, म्हणजे महिन्याचं काम झालं. त्यांत पगार, घर, आजार यांतलं काहीच मागितलेलं नाही. मागितलं आहे ते ज्ञान, प्रीती, अंतर्यामीचं बळ, धीर. आपल्या गरजा नंतर जरूर मांडाव्यात, पण आधी माणूस, मग त्याची परिस्थिती, हा क्रम ठेवा.

एक साधी वही घ्या. डाव्या पानावर उतारा पूर्ण लिहून काढायचा, अध्याय आणि ओवीच्या आकड्यासकट. मोबाइलवरून कॉपी करू नका. हाताने लिहिताना नजरेतून सुटलेले शब्द सापडतात. उजव्या पानावर तीच ओवी नवऱ्याचं नाव घालून, आपल्या बोलीत. नाव घ्यायला संकोच वाटतो आणि "आमचे हे" असंच तोंडात येतं, तरी इथे नाव घ्यावं. आठवडाभर एकच उतारा. पहिले दोन दिवस शब्द नुसते वाचले जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी "धीर" हा शब्द त्याच्या नव्या साहेबाशी जाऊन जुळतो, आणि खरी प्रार्थना तिथून सुरू होते. रोज नवी ओवी घेणाऱ्यांचं वाचन भरपूर होतं, पण ही वेळ येतच नाही.

नवऱ्याचं नाव प्रकाश धरलं तर कलस्सैकरांस 1:9-11 वरून उजवं पान साधारण असं होईल:

"प्रभू, तुझी इच्छा काय आहे ते प्रकाशला नीट कळू दे. नवी नोकरी घ्यायची की नाही, हे त्याला भीतीपोटी नको, तू दिलेल्या शहाणपणाने ठरवू दे. त्याचं वागणं तुला शोभेल असं असू दे, बिलावर सही करतानासुद्धा. हातातल्या कामाला चांगलं फळ येऊ दे. तुझी ओळख त्याला वाढती होऊ दे. तुझ्या सामर्थ्याने त्याला बळ दे, म्हणजे तो सहन करील आणि आनंदाने सहन करील. येशूच्या नावात, आमेन."

यात ओवीतली एकेक मागणी क्रमाने आली आहे आणि काही मागण्यांना त्याच्या आयुष्यातला एखादा तपशील जोडला आहे. तपशील याहून जास्त नकोत, नाहीतर वचन मागे पडतं. या सगळ्याला 10 मिनिटं पुरतात: उतारा दोनदा सावकाश वाचा, मग प्रार्थना करा, आणि शेवटी मिनिटभर काही न मागता बसा.

जागेचा प्रश्न मुंबईत खराच आहे. खोलीत जाऊन दार लावून घे असं मत्तय 6:6 सांगतं, पण दहा बाय बाराच्या खोलीत सासूबाई, मुलं आणि टीव्ही असेल तर कुठलं दार लावणार? अशा वेळी बायबलमधली, मुलासाठी प्रार्थना करणारी हन्ना आठवावी. 1 शमुवेल 1:13 मध्ये तिचे फक्त ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. पाणी यायच्या आधीची पहाट किंवा विरार लोकलच्या लेडीज डब्यातली खिडकी, दोन्ही चालतात. वही घरी राहिली तर ओवीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

दिवसातल्या ठरावीक प्रसंगांना एकेक स्तोत्र बांधून टाकलं की लक्षात ठेवावं लागत नाही. तो दाराबाहेर पडला की स्तोत्र 121; आठच ओव्या आहेत, आणि शेवटची त्याच्या जाण्यायेण्याविषयीच आहे. नाइट शिफ्ट किंवा ओव्हरटाइम असेल तर स्तोत्र 127:1-2, त्यात कष्टाच्या भाकरीबरोबर झोपेचाही उल्लेख आहे. धंदा असेल तर नीतिसूत्रे 11:1, खोट्या तराजूबद्दल. अचानक फोन आला, "लोच्या झालाय", तर नहेम्या 2:4 पाहा: राजाला उत्तर देण्याआधी नहेम्याने उभ्या उभ्या प्रार्थना केली. तेवढी एका वाक्याची प्रार्थना पुरे.

आता बिघडतं कुठे ते.

सगळ्यात जास्त बिघडतं ते वचन नवऱ्यावर उगारल्यामुळे. 1 पेत्र 3:7, "पतींनो" असं सुरू होणारी ओवी, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवणं ही प्रार्थना नाही, तो टोमणा आहे, आणि त्याला तो बरोबर कळतो. त्याच्या रागासाठी याकोब 1:19-20 घेणार असाल तर तो आठवडा ती ओवी स्वतःच्या नावानेही म्हणा. शेजारी मत्तय 7:3-5 (दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ) लिहून ठेवलं तर उत्तमच.

दुसरं, मागचापुढचा संदर्भ तोडणं. यिर्मया 29:11, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत ही ओवी, बढतीसाठी हमखास वापरली जाते. पण ती बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना लिहिलेली आहे, आणि आदल्याच ओवीत 70 वर्षं थांबायचं सांगितलं आहे. फिलिप्पैकरांस 4:13, "मी सर्व काही करू शकतो" ही ओवी, सुद्धा उपाशी असताना आणि पोट भरलेलं असताना समाधानी कसं राहावं याबद्दल आहे. ओवी निवडली की मागच्या-पुढच्या पाच ओव्या वाचायच्याच.

तिसरं, उत्तराची तारीख ठरवणं. वहीत तारीख प्रार्थनेला घाला, अपेक्षेला नको. महिनोन्महिने काही हललं नाही तर स्तोत्र 13 म्हणा, "किती वेळ?" असं विचारणारं. तेही पवित्र शास्त्रातलंच आहे.

दारू असेल तर प्रार्थनेबरोबर उपचारही हवेत. आणि हात उगारला जात असेल तर गप्प राहून प्रार्थना करत बसा असं कुठलीही ओवी सांगत नाही. महिला हेल्पलाइन 181, पोलीस 112. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागता येतं. पाळकांनी किंवा फादरनी "सहन कर" म्हटलं तरी हे नंबर फिरवायचेच.

तो विश्वासात नसेल तर 1 पेत्र 3:1-2 पाहा. तिथे भर बायकोच्या बोलण्यावर नाही, वागण्यावर आहे. म्हणून त्याच्यासमोर मोठ्याने प्रार्थना करून त्याला ऐकवण्याचा मोह टाळा. विश्वासात असेल आणि दोघांनी मिळून सुरू करायचं असेल, तर वही बाहेर काढू नका, त्यात त्याच्याबद्दल बरंच लिहिलेलं असतं. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" दोघांनाही पाठ असते, त्यापासून सुरू करा. कॅथलिक घरांत तोबीत 8:5-7 घेता येईल, नवरा-बायकोने लग्नाच्या रात्री केलेली प्रार्थना. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नसतं, तिथे गणना 6:24-26 चा आशीर्वाद एकमेकांना आळीपाळीने म्हणा. रात्री जेवणानंतर, टीव्ही लागायच्या आधी. एकदा टीव्ही लागला की राहतंच.