जुनी वस्तुसूची नव्या प्रणालीत चढवताना : नव्या उमेदवारांसाठी अनुभवकथन

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून पदवी घेऊन मी ईआरपीच्या, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब असे कंपनीचे कामकाज एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कामात शिरलो, तेव्हा जुन्या मालाची यादी नव्या प्रणालीत भरणे हे एका दुपारचे काम असेल, अशी माझी समजूत होती. पहिली जबाबदारी आली ती एमआयडीसीतील एका प्लॅस्टिक पाइपच्या कारखान्याची. तेथे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील यादी, स्टोअरची तीन एक्सेल पत्रके आणि स्टोअरकीपरची शिवण सुटलेली वही, असे सगळे दस्तऐवज स्वतःला अधिकृत म्हणवत होते आणि कोणताही दुसऱ्याशी जुळत नव्हता. यादी निस्तरण्यात सात आठवडे गेले. प्रत्यक्ष भरणा एका रात्रीत उरकला. या कामात येणाऱ्याने वेळेचा अंदाज देताना हे प्रमाण ध्यानात ठेवावे.

सर्वाधिक वेळ खाल्ला तो दुबार नोंदींनी. ‘बेअरिंग ६२०५’, ‘६२०५ झेडझेड’, ‘६२०५ टू-आरएस’ आणि ‘बॉल बेअरिंग २५ बाय ५२’ अशा चार ओळी यादीत होत्या. मी अक्षरसाम्यावर चालणारे सूत्र लावून पहिल्या तिन्ही एकत्र केल्या आणि चौथी वेगळी ठेवली. स्टोअरकीपर दादांनी माझा कागद पाहिला, काही न बोलता मांडणीवरून चार खोकी काढली आणि टेबलावर ओळीने मांडली. झेडझेडच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण होते, टू-आरएसला रबरी सील होते आणि नुसत्या ६२०५ च्या आतल्या गोळ्या उघड्या दिसत होत्या. मग चौथ्या खोक्यातील बेअरिंग त्या उघड्या बेअरिंगशेजारी ठेवून ते म्हणाले, “हाई एकज शे, भाऊ.” ६२०५ मधील शेवटच्या ०५ ला पाचाने गुणले की आतला व्यास २५ मिलिमीटर येतो आणि बाहेरचा व्यास ५२ असतो, हे त्यांना पाठ होते. माझ्या सूत्राने नेमकी उलटी विभागणी केली होती. त्या दिवसापासून दुबार नोंदींची कोणतीही यादी मी गोदामात उभा राहून तपासल्याखेरीज अंतिम केलेली नाही.

दुसरी चूक सर्वस्वी माझी होती आणि ती महागात पडली. पीव्हीसी रेझिन या पाइपच्या कच्च्या मालाचे एकक जुन्या यादीत ‘बॅग’ असे होते. मी ते तसेच उचलले आणि एक बॅग म्हणजे २५ किलो असे रूपांतर बसवले. काही पुरवठादार तोच माल जंबो बॅगेतून पाठवतात आणि त्यांचे वजन सारखे नसते, हे मी विचारलेच नव्हते. पहिली जंबो बॅग आली तेव्हा साठ्याचा हिशेब कोलमडला. आमची नवी प्रणाली होती ओरॅकल ई-बिझनेस सूट, आणि तिच्यात वस्तू एकदा तयार झाली की तिचे प्राथमिक एकक बदलता येत नाही. त्यामुळे किलोमध्ये नवा कोड काढणे, साठा त्यावर वळवणे आणि जुना कोड निष्क्रिय करणे एवढाच मार्ग उरला. म्हणून वर्णनातील शुद्धलेखनावर वाद घालण्याआधी एकक पक्के करावे. वर्णन नंतर सुधारता येते.

एक्सेलबाबत थोडक्यात सांगतो. ‘३/४’ इंची फिटिंगचा रकाना उघडताच ती ३ एप्रिल ही तारीख होते. ‘०००४५१’ या कोडची पुढची शून्ये गळतात. डाळमिलचे काम करताना डाळींचा ०७१३ हा एचएसएन (करासाठी मालाचे वर्गीकरण करणारा) क्रमांक असाच ७१३ झालेला मी पाहिला आहे. फाइल दुहेरी टिचकीने न उघडता, आयात करताना ते रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यावेत. वर्णनात इंचासाठी दुहेरी अवतरणचिन्ह वापरलेले असेल तर सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळी करणारी साधी मजकूर-फाइल) वाचणारा प्रोग्राम पुढचा मजकूरही त्याच रकान्यात ओढू शकतो. तेथे ‘इंच’ असे अक्षरी लिहून मोकळे व्हावे.

भरण्याची यंत्रणा त्या मानाने सरळ आहे. माहिती थेट मूळ तक्त्यात घालायची नसते. ती ‘एमटीएल सिस्टिम आयटम्स इंटरफेस’ या मधल्या तक्त्यात प्रोसेस फ्लॅग (ओळीची स्थिती सांगणारा आकडा) १ लावून ठेवायची आणि ‘इम्पोर्ट आयटम्स’ हा प्रोग्राम चालवायचा. यशस्वी ओळींवर ७ उमटतो, अडलेल्यांवर ३ किंवा ४, आणि कारणे त्रुटींच्या वेगळ्या तक्त्यात सापडतात. वस्तू आधी मास्टर ऑर्गनायझेशनमध्ये, म्हणजे सर्व गोदामांच्या सामाईक मूळ यादीत, आणि त्यानंतरच प्रत्येक गोदामाच्या ऑर्गनायझेशनमध्ये चढवावी लागते. हा क्रम चुकला की शेकडो ओळी एकाच कारणाने परत येतात आणि नवखा माणूस उगाच घाबरतो. सुरुवातीला प्रत्येक प्रकारच्या पाच-दहा वस्तूच घ्याव्यात आणि त्यांची खरेदी, आवक, जावक असा पूर्ण फेरा चालवून पाहावा.

ओपनिंग स्टॉकची, म्हणजे नव्या प्रणालीत सुरुवातीला दाखवायच्या साठ्याची, मोजणी मेमध्ये ठेवणे टाळता आले तर टाळावे. आम्हाला ते जमले नाही. पत्र्याखाली दुपारी थांबणे अशक्य असल्याने पहाटे पाचला सुरुवात करून अकराला गोदाम बंद करावे लागे, आणि तेवढा काळ आवक-जावक थांबवण्यासाठी उत्पादन विभागाची लेखी संमती घेतली होती. जुन्या यादीतला कोड मात्र आम्ही पुसला नाही, तो एका वेगळ्या रकान्यात ठेवला. पुढचे कित्येक महिने दादा माल त्या जुन्या क्रमांकानेच शोधत आणि नवा कोड पेन्सिलीने आपल्या वहीत समोर लिहून घेत.