लॉर्ड ऑफ द रिंग्ज वाचताना पात्रांचा गोंधळ होऊ नये म्हणून काय करायचं

वाचायला बसण्याआधी नेटवरचे पात्रांचे चार्ट आणि वंशावळी बघून घ्या असं सगळे सांगतात. अजिबात बघू नका. कोण मरतं, कोण फितूर होतं हे तिथे नावाखालीच लिहिलेलं असतं आणि एवढ्या जाड पुस्तकाची मजा पाच मिनिटांत जाते. मी ही कादंबरी सात-आठ वेळा वाचलीय, दोन भाच्यांच्या मागे लागून त्यांनाही वाचायला लावलीय, आणि दर वेळी कामाला आली ती वाचता वाचता स्वतः केलेली यादी.

यादीसाठी जाड पाठकोरा कागद घ्या. मी जुनी लग्नपत्रिका घेते, ती बुकमार्क म्हणूनही टिकते. तीन रकाने पाडा: नाव, कुठला, आणि अंगठीचं (जिच्यासाठी सगळी लढाई चाललीय ती जादूची अंगठी) काय केलं. तिसऱ्या रकान्याचं पुढे सांगते.

हॉबिट, म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे बुटके लोक, सोपे आहेत. फ्रोडोकडे अंगठी, सॅम त्याचा माळी, मेरी आणि पिपिन दोघं दोस्त. झालं.

खरी अडचण येते पहिल्या खंडाच्या मध्यावर, एल्फ नावाच्या अमर लोकांच्या रिव्हेंडेलमध्ये त्यांचा प्रमुख एलरॉंड याची सभा भरते तिथे. एकच प्रकरण, पण खूप लांब, सगळे बसून बोलतायत, प्रत्येक जण जुना इतिहास काढतोय आणि दर पानावर नवीन नावं. कॉलेजात असताना मी इथेच दोनदा पुस्तक मिटलं. माझ्या त्या प्रतीत या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने केलेली सात प्रश्नचिन्हं अजून आहेत, त्यातली चार एकाच माणसाबद्दल. तेव्हा मी प्रत्येक नाव लिहून घेत होते, आणि तीच चूक होती. एरेस्टर, गाल्डॉर वगैरेंना सरळ सोडून द्या, पुढे त्यांचं काहीच काम नाही. या सभेतून तीनच नवीन नावं लिहायची: बोरोमीर गोंडोर या माणसांच्या राज्याचा, लेगोलस एल्फ, गिम्ली ड्वार्फ (डोंगरात खाणी खणणाऱ्या बुटक्यांपैकी). चार हॉबिट, जादूगार गँडाल्फ आणि रानावनात फिरणारा ॲरागॉर्न मिळून नऊ जण झाले, अंगठी नष्ट करायला निघते ती हीच टोळी. बाकी इतिहास पहिल्या वाचनात नाही कळला तरी चालतो, मला तर तिसऱ्या वेळी कळला.

ती चार प्रश्नचिन्हं सारुमानची. सॉरॉन आणि सारुमान ही एकाच माणसाची दोन नावं आहेत असं धरून मी अख्खा पहिला खंड वाचला होता, त्यामुळे सारुमान गँडाल्फला मनोऱ्याच्या माथ्यावर कैद करून ठेवतो तो प्रसंग मला कळेचना, कारण गँडाल्फ आपण होऊन शत्रूच्या घरी जाईलच कशाला. म्हणून हे दोघं यादीत एकाखाली एक लिहा आणि मध्ये जाड रेघ मारा. सॉरॉन मॉर्डॉरचा, अंगठी त्यानेच बनवलेली, आणि पूर्ण कादंबरीत तो एकदाही समोर येऊन उभा राहत नाही, नुसता त्याचा डोळा आणि त्याची भीती. सारुमान आयझेनगार्डचा, गँडाल्फसारखाच जादूगार, हुद्द्याने त्याच्याही वरचा. हा समोर येतो, बोलतो, आणि त्याचं बोलणं हेच त्याचं सगळ्यात मोठं हत्यार. मला विचाराल तर दोघांत जास्त अंगावर येतो तो सारुमान, कारण शहाणा माणूस घसरत जाताना दिसतो.

दुसरा त्रास एकाच माणसाच्या अनेक नावांचा. लोक यालाच घाबरतात, पण आपण मराठी वाचकांनी का घाबरावं? अर्जुन, पार्थ, धनंजय, सव्यसाची हे ऐकतच तर मोठे झालो आपण. इथेही तेच. ब्री गावात ॲरागॉर्नला स्ट्रायडर म्हणतात, एल्फ गँडाल्फला मिथ्रांदिर म्हणतात, अंगठी आधी ज्याच्याकडे होती त्या गॉलमचं मूळ नाव स्मीगल. मूळ नावापुढे कंसात दुसरं नाव लिहा आणि ते कोण वापरतं तेही लिहा, म्हणजे नातंसुद्धा कळतं. पिपिन शेवटपर्यंत ॲरागॉर्नला स्ट्रायडर म्हणत राहतो, आणि तिसऱ्या खंडात ॲरागॉर्न तेच नाव जुन्या भाषेत करून आपल्या घराण्याला लावतो. माझ्या फार आवडीची जागा आहे ही.

आता तिसरा रकाना. नायक इकडे, खलनायक तिकडे अशी विभागणी करू नका, या पुस्तकात ती टिकत नाही. त्यापेक्षा प्रत्येकापुढे एकच ओळ लिहा, अंगठी हाताशी आल्यावर हा कसा वागला. फार पूर्वीचा राजा इसिल्दूर, त्याने नष्ट करायची सोडून ठेवून घेतली. फ्रोडोला सांभाळणाऱ्या बिल्बोने कशीबशी सोडली. फ्रोडो देत होता तरी गँडाल्फने घेतली नाही. अंगठी घातली की माणूस अदृश्य होतो, पण जंगलातल्या टॉम बॉम्बाडिलने बोटात घातली आणि तो अदृश्यच झाला नाही. बोरोमीरची ओळ पहिल्या खंडाच्या शेवटी तुमची तुम्ही भरा, आणि दुसऱ्या खंडात त्याचा भाऊ फारामीर भेटला की त्याचं नाव मुद्दाम भावाच्या शेजारी लिहा, मग दोन्ही ओळी एकापाठोपाठ वाचा. सॅमसाठी चांगली दोन ओळींची जागा ठेवा.

रोहानच्या लोकांची नावं, एओमेर, एओविन, सारखी वाटतात कारण सुरुवातीचं एओ म्हणजे घोडा. घोडेस्वारांचा देश, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दुसऱ्या खंडाच्या पहिल्या अर्ध्या भागात फ्रोडो येतच नाही, पानं उलटून त्याला शोधू नका, अर्ध्यानंतर येतो.

आणि एलरॉंडची मुलगी आर्वेन हिची ओळ तिसरा खंड संपत आला तरी रिकामीच राहिली तर आपलं काही सुटलं असं समजू नका, तिची आणि ॲरागॉर्नची गोष्ट मागे परिशिष्टात आहे, कादंबरी संपल्यावर तेवढी नक्की वाचा.