पावसात पांढरा पडलेला रंग

१९३२ च्या फोर्ड गाडीचं छोटं मॉडेल जोडायचं १/२५ मापाचं किट. छप्पर कापून बुटकं केलं, मडगार्ड काढले, फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन उघडं ठेवलं. इथवर झकास. मग भर जुलैत, कोपरीतल्या घराच्या बाल्कनीत लाल लॅकरवर (थिनरमधल्या, झटपट सुकणाऱ्या रंगावर) क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर मारला आणि तो दुधासारखा पांढरट पडला. फार हळहळलो.

कारण ठाण्याची दमट हवा. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते नि थरातच अडकते. पण सगळा रंग काढायची गरज नसते! पाऊस उघडल्यावर मास्क लावून, एअरब्रशने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या फवाऱ्याने) नुसत्या रिटार्डर थिनरचा, म्हणजे सावकाश उडणाऱ्या थिनरचा, अगदी हलका फवारा दिला. थर मऊ झाला, ओल निघाली, लाली परतली. आठवडाभराने २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला. कडांवर मात्र नाही, तिथे रंग लगेच उडतो.