ड्रायर तापत नाही? आधी हवा कुठे अडलीय ते बघा

अमेरिकेत नवीन आलेल्यांना गाडी, विमा, क्रेडिट स्कोअर यांबद्दल सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. ड्रायरबद्दल कुणी बोलत नाही. आणि तो नेमका थंडीत, ओल्या कपड्यांचा ढीग पडलेला असताना बंद पडतो. बऱ्याच सोसायट्या बाहेर दोरी बांधू देत नाहीत. (फ्लोरिडासारख्या काही राज्यांत अशी बंदी कायद्याने चालत नाही. तिथे असाल तर खुशाल बांधा.)

भाड्याच्या घरात ड्रायर घरमालकाचा असेल तर त्याला हात लावू नका, मेंटेनन्सला कळवा. मशीन तुमचं स्वतःचं असेल तर मात्र मेकॅनिकला बोलावण्याआधी थोडं बघून घ्या. तो नुसता येऊन बघण्याचेच इतके पैसे घेतो, की त्यात दोन-तीन पार्ट येतात.

पहिली पायरी विजेची. इकडे घरातले साधे प्लग १२० व्होल्टचे, पण इलेक्ट्रिक ड्रायरला २४० लागतात आणि त्यासाठी पॅनलमध्ये ३० अँपिअरचा जोड ब्रेकर (एकत्र जोडलेले दोन ब्रेकर) असतो. बहुतेक मशीनमध्ये मोटर १२० वर चालते, हवा तापवणारी कॉइल २४० वर. म्हणून जोडीतली एक बाजू गेली तर ड्रम छान फिरत राहतो आणि कपडे गारच्या गार. ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. प्लगपाशी काळं पडलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या घरांत प्लगला तीन पाती असतात, १९९६ नंतरच्या नियमाने नव्या घरांत चार. घर बदलल्यावर प्लग बसला नाही तर अडॅप्टर शोधत बसू नका, कॉर्डच बदला. चार तारांची कॉर्ड लावताना न्यूट्रलला मशीनच्या बॉडीशी जोडणारी पट्टी किंवा तार काढायची असते, ते विसरू नका.

वीज ठीक असेल तर बहुतेक वेळा दुखणं हवेचं असतं. ड्रायर चालू करा, घराबाहेर जा आणि भिंतीवरच्या झडपेसमोर हात धरा. गरम हवेचा जोरदार झोत लागायला हवा. झडप नुसती थरथरत असेल तर वाटेत कुठेतरी लिंट (कपड्यांतून सुटणारा बारीक धाग्यांचा भुसा) साचलंय, नाहीतर मशीन भिंतीला सरकवताना मागची नळी चेपलीय. ती नळी ४ इंची आणि पक्क्या धातूची हवी. प्लॅस्टिकची किंवा चुरगळणारी फॉइलची असेल तर काढून टाका. जोडताना आत टोक निघेल असा स्क्रू मारू नका, कारण लिंट त्यालाच अडकतं. बाहेर पक्षी येऊ नयेत म्हणून बारीक जाळी बसवणारे बरेच दिसतात. तीही महिनाभरात गच्च होते. नळीची लांबी साधारण ३५ फुटांपर्यंत चालते, पण प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातले ५ फूट वजा धरायचे.

लिंटची जाळी दर खेपेला साफ करता, हे गृहीत धरतो. पण तिच्यावर नळाचं पाणी सोडून बघा. पाणी वरच थांबलं तर ड्रायर शीटचा (कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकतात त्या कागदाचा) चिकट थर बसलाय. साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा.

हे सगळं आधी का, तर हवा अडली की मशीन जास्त तापतं आणि आतला थर्मल फ्यूज उडतो. ब्लोअरच्या (हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) कवचावर बसवलेला, अंगठ्याएवढा, बहुधा पांढरा तुकडा, दोन तारा लावलेला. तो एकदाच उडतो, पुन्हा चालू होत नाही. काही मॉडेलांत मग मशीन सुरूच होत नाही, काहींत ड्रम फिरतो पण ऊब नाही. भिंतीतला प्लग काढा (नुसतं बटण बंद करून भागत नाही), हातमोजे घाला कारण पत्र्याच्या कडा पातीसारख्या असतात, आणि मागचं झाकण उघडा. खोलण्याआधी तारांचा फोनवर फोटो काढा. दोन्ही तारा सोडवून मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) कंटिन्युइटीवर, म्हणजे तार सलग आहे का ते बघण्यावर, लावा. बीप आला तर फ्यूज शाबूत, नाही आला तर उडालाय. नवा फ्यूज स्वस्त असतो, पण नळी साफ न करता बसवलात तर तोही उडेल. आणि फ्यूज वगळून दोन तारा थेट जोडण्याचा जुगाड इथे करू नका. ड्रायरच्या आगींचं मोठं कारण साफसफाई न करणं हेच आहे.

फ्यूज बरा असेल तर हीटरची कॉइल तपासा. रेझिस्टन्स १० ओमच्या आसपास यायला हवा. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलीय.

मोटर गुणगुणतेय पण ड्रम हाताने सहज गरगर फिरतो, तर ड्रम फिरवणारा पट्टा गेला. किंचाळण्याचा आवाज म्हणजे खालचे रोलर किंवा पट्टा ताणणारी पुली. कपडे दमट असतानाच मशीन थांबत असेल, तर लिंटच्या जाळीजवळच्या, ओलावा ओळखणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्या रबिंग अल्कोहोलने पुसा. नवीन मशीन घ्यायची गरज नसते. पार्ट मागवताना दाराच्या चौकटीवरचा मॉडेल नंबर द्या, फोटो बघून अंदाजाने मागवू नका.

गॅसवरचा ड्रायर असेल तर जाळी आणि नळी तुम्ही साफ करा, गॅसची जोडणी जाणकारावर सोडा. आणि त्याची हवा कधीही घरात सोडू नका, कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो.

आपल्या घरांसाठी एक खास गोष्ट. तेलाने माखलेली स्वयंपाकघरातली फडकी आणि दिवाळीत अभ्यंगानंतर अंग पुसलेले तेलकट टॉवेल ड्रायरमध्ये घालू नका. धुतल्यावरही त्यात तेल उरतं, आणि गरम कपड्यांचा ढीग तसाच राहिला तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. असे टॉवेल घरातच स्टँडवर वाळवा.