वाटाघाटीचा तास आणि वीस मीटरची भानगड

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी व्यवस्थापन शिकवते. वाटाघाटींचे तास सेकंड लाइफ या आभासी जगात घ्यायचे. चार गट, चार टेबलं, प्रत्येक गटाचा वेगळा गुप्त भाव. पहिल्याच तासाला विक्रेत्यांनी मनात ठेवलेला किमान भाव खरेदीदारांनी अचूक सांगितला! आधी वाटलं, मुलांनीच फोडला असेल. विचारलं तर बिचारी गोंधळली. नंतर स्वतः एका टेबलाशी उभी राहिले, तर शेजारच्या गटाचं चॅट सरळ माझ्या पडद्यावर उमटत होतं.

कारण साधं होतं. तिथे टाइप केलेलं बोलणं 20 मीटरपर्यंत पोचतं, ‘ओरडलं’ तर 100 मीटर. माझी टेबलं जेमतेम 10 मीटरवर! माइकवरचा आवाज तर साध्या टाइप केलेल्या बोलण्याहून लांब जातो, आणि तो कॅमेऱ्याच्या जागेवरून ऐकायची सोय असते. म्हणजे पडद्यावरचा आपला बाहुला खुर्चीत, कान मात्र दुसऱ्या टेबलाशी.

जमीन वाढवायला पैसे नव्हते, पण आकाश रिकामं होतं. एकावर एक चार तरंगते चौथरे बांधले, प्रत्येकात 120 मीटरचं अंतर. अंतर उभं मोजलं तरी चालतं, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. खाली एका फलकावर चार बटणं लावली, दाबलं की थेट आपल्या चौथऱ्यावर.

पुढच्या तासाला एक अबोल मुलगी पहिल्यांदाच भावासाठी नेटाने भांडली. फार बरं वाटलं.