एकापेक्षा जास्त चल असतील तर बहुपदीची कोटी कशी काढायची?

४क्ष³य² + ७क्ष⁴ − ९य² या बहुपदीची कोटी किती? पुष्कळ मुलं ‘चार’ म्हणतात, कारण नजर सर्वांत मोठ्या घातांकावर जाऊन थांबते. एकच चल, म्हणजे क्ष किंवा य यांसारखं एकच अक्षर, असताना ही सवय चालून जाते. इथे मात्र उत्तर ५ आहे.

आधी बहुपदी सरळ रूपात आणा. कंस सोडवा, सजातीय पदं (ज्यांत तीच चलं त्याच घातांकांसह येतात ती) एकत्र करा. ही पायरी गाळू नका. क्ष⁴य + ६क्षय³ − क्ष⁴य + २ यात घाईघाईने ५ लिहिलं जातं; पण क्ष⁴य उडून जातं, उरतं ६क्षय³ + २, आणि कोटी येते ४. चल छेदात किंवा वर्गमुळाच्या चिन्हाखाली उरत असेल, तर ती बहुपदीच नाही.

मग एकेक पद वेगळं धरा आणि त्यातल्या चलांच्या घातांकांची बेरीज करा. सुरुवातीच्या उदाहरणात पहिल्या पदाची बेरीज ३ + २ = ५, दुसऱ्याची ४, तिसऱ्याची २. घातांक लिहिलेला नसेल तर तो १ धरायचा. सहगुणकाचा, म्हणजे चलांना गुणणाऱ्या संख्येचा, घात मोजायचा नाही: २⁵क्षय² या पदाची कोटी १ + २ = ३, आठ नव्हे.

या बेरजांतली सर्वांत मोठी, तीच बहुपदीची कोटी. वेगवेगळ्या पदांच्या बेरजा पुन्हा एकमेकींत मिळवायच्या नाहीत.

घातांकांची बेरीजच का? क्ष आणि य दोन्ही दुप्पट करून पाहा. क्ष³ आठपट होतो, य² चौपट, म्हणजे क्ष³य² हे पद ३२ पट वाढतं. ३२ म्हणजे २⁵. दोन्ही चल मिळून पद किती वेगाने वाढतं, हे कोटी सांगते. हे एकदा पटलं की नियम पाठ करावा लागत नाही.

नुसती संख्या असेल, जसं ७, तर कोटी ०. शून्य बहुपदीची, म्हणजे नुसत्या ० ची, कोटी मात्र निश्चित करता येत नाही.

आता माझं आवडतं उदाहरण. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात विचारलं आहे: एका संख्येची चौपट आणि दुसरीची तिप्पट यांच्या बेरजेत २ मिळवले तर त्याच दोन संख्यांचा गुणाकार येतो, तर त्या संख्या कोणत्या? सगळं एका बाजूला आणलं की क्षय − ४क्ष − ३य − २ ही बहुपदी मिळते. यात प्रत्येक घातांक १ आहे, तरी कोटी २, कारण क्ष आणि य एकाच पदात गुणले गेलेत. अशा गुणाकाराला आपल्या जुन्या गणितींनी ‘भावित’ असं वेगळं नावच दिलं होतं. संख्याही शोधायच्या असतील तर समीकरण (क्ष − ३)(य − ४) = १४ असं मांडा. ४ आणि १८ ही जोडी जमते, ५ आणि ११ हीसुद्धा.