हुशार मुलांच्या प्रश्नांना शाळेबाहेर वाट कुठे मिळेल?

आपले मूल वर्गातला अभ्यास अर्ध्या वेळात संपवून उरलेला वेळ प्रश्न विचारण्यात घालवते, हे लक्षात आले की बहुतेक पालक एखाद्या महागड्या क्लासची चौकशी सुरू करतात. माझ्या मते त्याआधी महिनाभर मुलाचे प्रश्न एका वहीत टिपून ठेवावेत. ते ताऱ्यांचे आहेत, किड्यांचे आहेत की आकड्यांचे, हे त्या वहीतून उमगते आणि मुंबईत कुठे जायचे ते ठरवता येते.

आकाशाची ओढ असल्यास वरळीच्या नेहरू तारांगणापासून सुरुवात करावी. मात्र खगोल मंडळ या हौशी खगोलप्रेमींच्या संस्थेच्या, बदलापूरपुढच्या वांगणी गावातील रात्रभराच्या आकाशदर्शनाची सर त्याला येत नाही, कारण शहराच्या झगमगाटात हरवलेले आकाश तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते आणि शंका विचारायला जाणकार माणसे शेजारीच असतात. पक्षी-कीटकांचे वेड असणाऱ्यांसाठी १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. मराठीतून विज्ञान ऐकायचे असेल तर चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद गाठावी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ‘चाय अँड व्हाय?’ या विनामूल्य उपक्रमात संशोधकांना थेट प्रश्न विचारता येतात, आणि ही संधी कोणत्याही क्लासपेक्षा मोलाची आहे.

स्पर्धांबाबत थोडे सावध राहावे. सहावी आणि नववीसाठी असलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मुलाखत आणि कृतिसंशोधन प्रकल्प असतो. मुलाला सर्वांत जास्त देणारा भाग हा प्रकल्पच आहे. आपल्या इमारतीत रोज किती पाणी वाया जाते, हे मुलाने स्वतः मोजावे, चुकावे, पुन्हा मोजावे. पालकांनी तक्ते रंगवून देऊ नयेत. पदकासाठी पाठांतराचे वर्ग लावले, तर ज्यासाठी हा खटाटोप केला ते कुतूहलच विझते, याची मला मनापासून काळजी वाटते. विज्ञान आणि गणिताच्या ऑलिंपियाड या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे राष्ट्रीय केंद्र मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्याच्या संकेतस्थळावरील जुन्या प्रश्नपत्रिका, परीक्षेला बसायचे नसले तरी, सवडीने सोडवण्याजोग्या आहेत.

एका वेळी एकच उपक्रम निवडावा आणि सुरुवातीला सोबत जावे. दोन-तीन खेपांनंतर मूल स्वतःहून पुढची तारीख विचारते का, ते पाहावे. विचारत नसेल तर वही पुन्हा उघडून दुसऱ्या प्रश्नाचा माग घ्यावा.